फिडलवाला बसलाय तोवर

लातुरात एके काळी माझ्यापेक्षा माझा उजवा पाय प्रसिद्ध होता. मी रस्त्यानं निघालो की लोक आधी खाली बघायचे आणि मग वर बघून नमस्कार करायचे. कलावंताला मान मिळाला तर तो चेहऱ्याला मिळावा अशी त्याची इच्छा असते. माझ्या नशिबात तो घोट्याला आला.

हे समजायला मी वाजवायला कसा बसतो ते आधी सांगायला हवं. माझा जन्म खाली आंध्रातला, गोदावरी समुद्राच्या जवळ पोचल्यावर ऐसपैस पसरते तिथला. आमच्याकडे फिडल, म्हणजे तुमचं व्हायोलिन, उभं राहून हनुवटीखाली दाबून वाजवत नाहीत. मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढं सोडायचा, फिडलचं बूड छातीला टेकवायचं आणि त्याचं खुंट्यांकडचं डोकं त्या पायाच्या घोट्यावर. वाद्याचं एक टोक काळजाशी, दुसरं जमिनीशी. मी पायाच्या अंगठ्यानं ठेका धरतो. पुढं नाटकांना संगीत द्यायला लागलो तेव्हा माझे साथीदार याच अंगठ्याकडे बघून वाजवायचे. मोठ्या शहरांत वाद्यवृंदापुढं कोट घालून, हातात छडी घेऊन माणूस उभा असतो म्हणतात. आमच्याकडे अंगठा होता.

मी मराठवाड्यात आलो तो नदीच्या उलट्या दिशेनं, एका फिरत्या तेलुगू नाटक कंपनीबरोबर. देगलूरला कंपनी बुडाली, कारण आमचे राजा आणि राणी एकाच दिवशी पळून गेले, तेही वेगवेगळ्या माणसांबरोबर. एकमेकांबरोबर पळाले असते तर निदान गोष्टीला काही अर्थ तरी आला असता. बाकीचे गावी परतले. देगलूरच्या बाजारात निम्मे लोक माझी भाषा बोलत होते, म्हणून मी राहिलो. तिथून नांदेडला गेलो, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना फिडल शिकवलं, हौशी नाटकांना चाली दिल्या. लोक म्हणायचे, चाल चांगली आहे पण लई तेलुगू झाली. त्या तेलुगू चाली ज्या मुलीनं मराठी करून गायल्या, तिच्याशी लग्न केलं. ती जळकोटची. सासऱ्यांनी मला घरदार, पगार काही विचारलं नाही. भाताचा माणूस आहे, ज्वारीची भाकरी पचेल का, एवढंच विचारलं. मी त्यांच्यासमोर बसून पचवून दाखवली.

बायकोला लातूरच्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही लातूरकर झालो. मुलगी झाली. तिथल्या नाटकमंडळात दोन माणसं मला जिवाभावाची मिळाली. एक आमचे दिग्दर्शक. ते बँकेत होते, पण बोलायचे असे की बँक हे त्यांचं सोंग आणि नाटक हीच खरी नोकरी. दुसरा आमचा तबलजी, त्याची पिठाची गिरणी होती. त्याच्या तबल्यावर पावडर टाकायची कधी गरज पडली नाही. आयुष्य गिरणीच्या थरथराटात गेलेलं, त्यामुळं स्थिर जागी बसलं की त्यालाच उलट चक्कर येते, असं तो म्हणायचा.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकते टेकले होते. लातूर शहर हादरलं, भिंतींना चिरा गेल्या, पण उभं राहिलं. किल्लारीकडची गावं राहिली नाहीत. त्यातल्याच एका गावात तबलजीची बहीण दिली होती. तो पहाटेच निघाला आणि कितीतरी दिवसांनी परतला. दगडामातीची घरं होती, एवढंच त्यानं सांगितलं. गिरणी सुरू केली. त्यानंतर त्याला कुणी बहिणीबद्दल विचारलं की तो पट्टा चढवायचा आणि चाक फिरवायचा, म्हणजे बोलणं ऐकू येत नाही.

पुढचे महिने सगळं शहर अंगणात राहिलं. थंडी आली तरी लोक स्लॅबखाली झोपेनात. घरोघर एका तांब्यावर दुसरा तांब्या पालथा घालून ठेवलेला असे, वाजला की पळायचं. मांजर पळालं तरी गल्ली पळायची. घरात जायचं तर चपला पायात ठेवूनच. देवघरासमोरही लोक चपला घालून हात जोडत, आणि देवानं ते चालवून घेतलं असावं.

आमच्या तालमी बायकोच्या शाळेच्या मैदानात, लिंबाखाली व्हायला लागल्या. एकदा तिथं वाजवताना माझ्या घोट्याशी काहीतरी गुरगुरलं. खर्जाच्या तारेला मी हात लावला नव्हता, पण फिडल छातीशी हुंकारलं. मी तारांवरचा गज उचलला आणि गप्प बसलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तेवढ्यात शाळेच्या खिडक्या वाजल्या. बस्स. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेत झालं, फिडलवाल्याला आधी कळतं.

आता खरं सांगतो, असं पुन्हा फार क्वचित झालं. बहुतेक वेळा माझ्या घोट्याला जे कळायचं ते पत्रे भरून किल्लारीकडे जाणारे ट्रक असायचे. एकदा मी रोडरोलरसाठी सगळं मैदान रिकामं केलंय. पण लोक विचारायला लागले आणि मी नट मंडळींत वाढलेला माणूस. शेजारच्या काकू संध्याकाळी यायच्या, आज आत झोपावं का म्हणून. मी अंगणात बसायचो, फिडल घोट्यावर टेकवायचो, डोळे मिटायचो आणि बराच वेळ घ्यायचो. मग म्हणायचो, झोपा. काकू खरंच झोपायच्या. किती दिवसांनी डोळा लागला म्हणून सकाळी पोहे पाठवायच्या.

बायकोला हे मुळीच पसंत नव्हतं. तुम्ही ज्योतिषी नाही, एखाद दिवशी कुणी तुमच्या भरवशावर आत झोपेल आणि उठणार नाही, असं ती म्हणायची. मी पोहे खाता खाता ऐकून घ्यायचो.

हिवाळा सरता सरता दिग्दर्शकांच्या मनात आलं की शहराला आता छताखाली परत आणायला हवं, आणि ते नाटकच आणू शकतं. गावातल्या सभागृहात आमच्या संगीत नाटकाचा प्रयोग ठरला. प्रयोग दुपारचा, कारण अंधारात कुणी आत आलं नसतं. तरी लोक येतील का ही शंका होती. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. नेहमी आम्ही वादक विंगेत बसायचो. या वेळी रंगमंचाच्या कडेला तख्त टाकून मला त्यावर बसवायचं, सगळ्या सभागृहाला दिसेन असं. गावभर सांगायचं की फिडलवाला समोर बसणार आहे. तो बसलाय तोवर बसा.

मला ही कल्पना भलतीच आवडली. इतकी वर्षं विंगेत काढलेल्या माणसाला तख्त मिळत होतं.

बायको म्हणाली, मी येईन, पोरीलाही आणीन, नाहीतर शेजारपाजारचे म्हणतील यांच्याच घरचे येत नाहीत. पण एक अट आहे. तुमच्या पायाला खरंच काही कळलं तर तुम्ही माझ्याकडे बघायचं आणि गज खाली ठेवायचा. नाटकाचं काय व्हायचं ते होऊ दे. मी कबूल केलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. आमच्या कंपनीत शपथा अशाच घेत.

त्या दुपारी सभागृह भरलं. नाटकाच्या धंद्यात मी असा प्रेक्षक पुन्हा पाहिला नाही. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या खुर्च्या ओस, आणि दारालगतच्या मागच्या खुर्च्यांसाठी भांडणं. सगळ्यांच्या पायात चपला. टाळ्या वाजवतानाही एक हात पोराच्या मनगटावर, त्यामुळं टाळी अर्धीच वाजायची. पण आले होते. काकू आल्या होत्या, बाल्कनीत कॉलेजची पोरं लटकली होती. बायको मुलीला मांडीवर घेऊन मागच्या दाराजवळ बसली होती.

आणि बाजूचं दार बंद होतं. त्या सभागृहाची रीतच तशी. फुकटे त्या दारानं शिरतात म्हणून प्रयोग सुरू झाला की बाहेरून कडी लागायची आणि कडीवाला चहाला जायचा. भूकंपानंतर शहरातली प्रत्येक सवय बदलली होती, लोक आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करत होते. ही एक सवय बदलायचं कुणालाच सुचलं नाही. फुकट्यांची भीती आम्हा नाटकवाल्यांच्या हाडात भूकंपापेक्षा खोल असते.

दुसऱ्या अंकात नायिकेचं पद होतं. ती वरच्या स्वरावर थांबली होती, मी तिच्या मागोमाग गज ओढत होतो, आणि माझ्या घोट्याशी ते गुरगुरलं. या वेळी ट्रक नव्हता. ते खालून आलं, फिडलच्या पोटात शिरलं आणि माझ्या छातीत हुंकारलं.

माझा अंगठा थांबला. मी समोर बघितलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. रंगमंचावर एवढी देखणी बाई गात होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मुळात बघतच नव्हते, पहिल्या अंकापासून सगळे मलाच बघत होते. वरचे दिवे हलले. बाल्कनीतून कुणीतरी काहीतरी बोललं. मला मागचं एकच दार दिसत होतं, त्याच्या अलीकडे सगळी खच्चून भरलेली माणसं, त्यांच्या मांडीवरची पोरं. मी गज खाली ठेवला असता तर सगळे उठले असते आणि त्या एका दाराकडे गेले असते.

मी गज ठेवला नाही. नायिकेचा सूर लटपटला होता, मी फिडल मोठं केलं आणि तिला धरलं. तबलजीनं माझ्या थांबलेल्या अंगठ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या समेवर थाप मारली. मी अंगठा पुन्हा हलवला. लोकांनी पाहिलं, फिडलवाला बसलाय. लोक बसले. जमीन थोडा वेळ कुरकुरली आणि थांबली. पद संपलं तेव्हा त्या सभागृहात भूकंपानंतरची पहिली पुरी टाळी पडली, दोन्ही हातांची.

मी वाकून नमस्कार केला आणि मागच्या दाराकडे पाहिलं. बायकोची खुर्ची रिकामी होती.

प्रयोग संपल्यावर लोकांनी मला जवळजवळ उचललंच. दिग्दर्शक रडत होते. बायको बाहेर कुंपणाजवळ उभी होती, मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. आम्ही घरी निघालो. अंगणात आल्यावर म्हणाली,

"तुम्हाला कळलं होतं."

मी म्हटलं, हो.

"मी तुमचा अंगठा बघत होते. तो थांबला. मग मी गजाकडे बघत राहिले, आता ठेवाल, मग ठेवाल. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी तिला दाराचं सांगितलं. उठले असते तर चेंगरून मेले असते. तिनं ऐकून घेतलं. शिक्षिका आहे, मुद्दा बरोबर असला तर खोडत नाही.

"आणि स्लॅब आला असता तर?" ती म्हणाली. "तुम्ही बसलाय म्हणून बसले होते ते."

 मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली, ती जास्त हळू आवाजात. ती उठली तेव्हा शेजारच्या खुर्चीवर काकू होत्या. त्यांनी विचारलं, कुठं गं? ही म्हणाली, पोरीला शू लागलीय. आणि गेली. काकू तिथंच बसून राहिल्या.

"मी त्यांना सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बसून फसवलंत, मी उठून."

त्या दिवसापासून ती सभागृहात आली नाही. भांडलो नाही. ती माझे डबे भरायची, चालींतल्या चुका काढायची, तालमीत गायचीसुद्धा, पण तालीम मैदानात असेल तरच. प्रयोगाला बाहेर रिक्षा स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसून जे ऐकू येईल ते ऐकायची. माझ्या कीर्तीला मात्र ऊत आला. फिडलवाल्यानं शहर परत छताखाली नेलं. तबलजीला एकदा विचारलं, तुला त्या दिवशी काय कळलं होतं? तो म्हणाला, "मला काय कळतंय, दादा. तुमचा अंगठा थांबला, म्या मात्रा मोजत राह्यलो. आपल्या हातात तेवढंच हाय." आणि पट्टा चढवला.

शहर सावरलं, आणि मग पालटलं. बारावीच्या गुणवत्ता यादीतले नंबर लातुराकडं यायला लागले आणि त्यांच्यामागून सगळा मराठवाडा आपली पोरं घेऊन आला. ज्या घरांत लोक झोपायला भीत होते, त्यांच्यावर मजले चढले आणि प्रत्येक खोलीत पोरं भाड्यानं राहायला लागली. तबलजीची गिरणी दिवसभर मेसवाल्यांची ज्वारी दळायला लागली, त्याला तालमीला वेळ मिळेना. माझे विद्यार्थी दहावी झाली की फिडल पेटीत बंद करायचे. बारावीनंतर सुरू करतो, सर. बारावीनंतर ते कधी आले नाहीत. माझी मुलगीही त्यातलीच. तिनं स्वतःची पेटी कपाटावर ठेवली, तेव्हा मी तिला चिडवलं की तुझी फी बुडाली. ती हसली नाही, तिची चाचणी होती.

सभागृहातली नाटकं आटली. आधी सकाळी तिथं क्लास भरायला लागला, मग दिवसभर. रंगमंचावर फळा आला. माझ्या तख्ताच्या जागेवर ध्वनिक्षेपकाचा खांब. आणि आमची मुलगी त्याच सभागृहात, त्याच छताखाली, फिजिक्स शिकायला लागली.

पहिल्या दिवशी बायको तिला सोडायला गेली ती कट्ट्याशी थांबली. मुलगी परत आल्यावर तिनं एकच विचारलं, बाजूचं दार उघडं असतं का? मुलीला असं काही दार आहे हेच माहीत नव्हतं. त्याच्यासमोर बाकं लावली होती आणि बाहेरून गुणवंतांच्या फोटोंचा मोठा फलक ठोकला होता. दोन चार रात्री बायको झोपली नाही. मग सकाळी चहा देताना म्हणाली, तुमच्या पायाचं शहरात अजून वजन आहे, चला.

क्लासचे सर तरुण, हुशार आणि घाईत होते. बायको इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सभागृहात आली आणि उंबऱ्याजवळ उभी राहिली. सरांनी दाराचं ऐकलं आणि नम्रपणे सांगितलं की दार उघडं ठेवलं की मधूनच पोरं निसटतात, शिवाय फी न भरलेली आत येऊन बसतात. मला हसू आवरेना. फुकटे! सभागृह बदललं, धंदा बदलला, फुकटे तेच.

मी माझा जुना खेळ काढायचं ठरवलं. चप्पल काढली, अनवाणी पाय फरशीवर टेकवला, डोळे मिटले आणि भरपूर वेळ घेतला. डोळे उघडले तर सर माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की मीच ओशाळलो.

"सर, तुम्ही फिडलवाले सर ना?" ते म्हणाले. "मी होतो त्या प्रयोगाला. वर बाल्कनीत. दिवे हलले, आम्ही पळणार होतो. तेवढ्यात माझा मित्र म्हणाला, अरे, फिडलवाला बसलाय ना, मग काही नाही. आम्ही बसलो. मी वर्गात पोरांना अजून सांगतो ही गोष्ट. घाबरायचं नाही, म्हणून."

असं कौतुक ऐकून माझी छाती फुगते. तशी त्याही दिवशी फुगायला लागली. बायको एक पाऊल पुढं आली.

"त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "आधीच. तरी ते बसून राहिले."

सरांना समजलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, वर्गात समजावतात तसं, सावकाश. अंगठा थांबला होता. खरा धक्का होता. हे बसले कारण दार एकच होतं. आणि मी माझं पोर घेऊन निघून गेले, शेजारणीला खोटं सांगून. तुमची गोष्ट अशी आहे, सर. पोरांना सांगायची तर ही सांगा.

 सरांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझी जन्मभर टिकेल अशी वाटलेली कीर्ती त्या एका मानेच्या हालचालीत गेली, आणि मला त्या क्षणी ती सोडायची नव्हती, हेही लिहून ठेवतो. मग सरांनी वर बघितलं, बाल्कनीकडे, जिथं ते स्वतः बसले होते.

"मग त्या दिवशी काय करायला पाहिजे होतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आम्ही दोघं नवरा-बायको इतकी वर्षं एकमेकांना न विचारता विचारत होतो. बसायला हवं होतं की उठायला. मी तिच्याकडे बघितलं.

"दार उघडं पाहिजे होतं," ती म्हणाली.

सरांनी कुणाला हाक मारली नाही. स्वतःच पहिलं बाक ओढलं. दुसरं मी धरलं. दार गंजलं होतं, कडी बाहेरून होती, शेवटी फलक उतरवूनच ती निघाली. गुणवंतांचे फोटो दिवसभर भिंतीला टेकून उलटे उभे होते आणि एका पालकानं त्याबद्दल तक्रारही केली.

सरांनी नवी गोष्ट पोरांना सांगितली असावी, कारण पेठेत ती पसरली. काकू आता खूप म्हाताऱ्या झाल्यात. त्या एकदा आल्या, माझ्या पायाकडे बघितलं, मग बायकोकडे. म्हणाल्या, शू लागली होती म्हणे.  काकूंनी चहा मागितला, घेतला, आणि गेल्या. पोहे मात्र त्यानंतर आले नाहीत.

क्लासच्या निरोप समारंभाला सरांनी मला वाजवायला बोलावलं. तबलजीनं गिरणी अर्धा दिवस बंद ठेवली. मी फिडल घोट्यावर टेकवलं आणि समोर पाहिलं. बायको आत होती, बाजूच्या दाराजवळच्या खुर्चीवर, मुलगी तिच्या शेजारी. माझ्या अंगठ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पोरं मोबाइल बघत होती, तबलजी अंदाजानं वाजवत होता, आणि बायको सगळा वेळ त्या उघड्या दाराकडे बघत होती, कुणी लावत तर नाही ना म्हणून.

कलावंत म्हणून मला थोडं वाईट वाटलं. पण मी वाजवत राहिलो.